एकच महारुद्र

तीर्थरूप आण्णांना उमरग्याहून शिवकन्याचा दंडवत.

इथं समदं बरं हाय. आईचा गुडघा कसा हाय?

फोन मुद्दाम केला न्हाय. हल्ली तुमचा फोन रणधीरदादाच उचलतो. पुतण्याला एवढी माया कधीपासून आली?

कुणबी दाखल्यासाठी त्यानं केलेली वंशावळ मी मोबाईलवर बघितली. तुमच्या आजोबांचंच नाव तुम्हाला ठेवलंय, म्हणजे त्यात महारुद्र दोन पाहिजेत. हाय एकच. विचारलं तर हसून म्हणतो, "काकांचं नाव हाय की!"

दाखल्याचं निमित्त करून उद्या हाच कागद जमिनीला लावला तर?

आण्णा, त्या महारुद्रापुढं 'मयत' लिहिलंय, म्हणजे ते तुमचे आजोबा; तुमचं नाव त्यात न्हायच. त्या कागदावर सही करू नका.

तुमची, त्या वंशावळीत न जन्मलेली लेक,
शिवकन्या