एवढं होऊ दे

२ तारीख, सोमवार
नोकरी लागली! आत्या म्हणाली, दहावीत गचकलास, पण बोटं चपळ आहेत तुझी. तीच कामी आली. काम असं: गिऱ्हाइकांना अंतराळातला खेळ खेळायचा असतो, पण त्यातली हमाली नको असते. ती आम्ही करतो. ग्रहांवर उतरायचं, धातू खणायचा, बर्फ गोळा करायचा, वाटेत भेटेल त्याची साइड क्वेस्ट, म्हणजे फुटकळ कामगिरी, पुरी करून द्यायची. खोलीत सहा कॉम्प्युटर, जाड पडदे, दाराशी पाण्याचा जार. शेजारच्या खुर्चीतला दादा यात मुरलेला आहे. माझी ही वही बघून त्याने मला ‘मास्तर’ नाव ठेवलं, हळूच, माझ्या कानापुरतं. म्हणाला, खेळातलं कुणी रडगाणं गायला लागलं की ऐकत बसायचं नाही, बटण दाबून पुढे जायचं.

५ तारीख, गुरुवार
इथे तरी खरं लिहितो. दुपारी दादाने छाती धरली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. दोनदा. माझी कामगिरी वेळेची होती, चार मिनिटं उरली होती. मान न वळवता मी म्हणालो, एवढं होऊ दे. झालं, तेव्हा त्याचं डोकं टेबलावर होतं, श्वास थांबलेला. मॅनेजरने विचारलं. मग वहिनींनी, दादाच्या बायकोने, विचारलं. दोघांनाही सांगितलं की कानाला हेडफोन होता, ऐकूच आलं नाही.

९ तारीख, सोमवार
दादाकडे अर्धवट राहिलेलं गिऱ्हाइकाचं खातं मला मिळालं. एका गोठलेल्या चंद्रावर यानाला पाठ टेकून एक खाणकामगार बसलाय, हातात रिकामा पेला. मागणी: पाणी. बर्फाचे वीस तुकडे. मी नेहमीप्रमाणे बटण दाबलं. त्याचं बोलणं पुढे सरकेना. खाली अक्षरं उमटली: ऐकू येतंय ना आता, मास्तर?
ते नाव खोलीत दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

१०, मंगळवार
सात तुकडे दिले. माफीही टाइप केली, एकही चूक न करता. तो हसला. घशाला सारखी कोरड. अर्धा जार एकटा प्यायलो. मागच्या टेबलावरून टोमणा आला, पोटात उंट पाळलायस काय रे.

११, बुधवार
बारा. दर तुकड्यागणिक ओठ फाटतात. मी पितो ते पाणी जातं कुठे — त्याचा पेला मात्र भरत चाललाय. नोकरी सोडतो म्हटलं. मॅनेजर म्हणाला, हे खातं पुरं कर, मग खुशाल जा.

१२, दुपार
कीबोर्डवरून हात काढले. तरी खणणं चालूच — अठरा —
दादा, चुकलो. वहिनींना सांगतो, मी ऐकलं होतं, सगळं —
एकोणीस.
छातीत —
जार चार पावलांवर. उठवत नाही. दादाच्या खुर्चीत कालपासून नवी मुलगी आहे. तिला पाणी मागितलं. दोनदा. तिचे डोळे स्क्रीनवर.
तो उठून उभा राहिलाय. पेला तोंडाला लावून माझ्याकडे बघतोय —
मुलगी म्हणाली, एवढं