उघड्या दाराशी थांबवलेला खेळ

मी, सुरेखा साहेबराव सोन्नर, वय वर्षे त्रेसष्ट, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. कोर्टासमोरच्या लिंबाखाली चौतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. पहिल्याच ओळीत 'माझी बुद्धी शाबूत आहे' असे घालावे लागे आणि ते वाचून दाखवले की समोरचा माणूस हमखास चपापायचा. आज मीही चपापले. तर, माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, नशापाणी केलेले नाही. येत्या शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण टाइप करणाऱ्या बाईने स्वतःचेच कागद अर्धवट ठेवून जाणे बरे दिसत नाही.

कलम १. उस्मानपुऱ्यातले दोन खोल्यांचे घर, गच्चीवरच्या टाकीसह, माझी भाची प्रांजली हिला. ती माझा भाऊ मुंजाबा याची मुलगी. आई लहानपणीच गेली, कॉलेज माझ्या घरात राहून केले, आता चितेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. टाकीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात टाकी हीच खरी इस्टेट.

कलम २. माझा टाइपरायटर वकील आदिनाथ यांना द्यायचा होता, कारण त्यांच्याच टेबलाशेजारी माझे आयुष्य गेले. पण ज्याला मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नाही, हा आमच्या टेबलाचा नियम. दोन्हींतले एक निवडा म्हटल्यावर त्यांनी साक्षीदार होणे पसंत केले. टाइपरायटर प्रांजलीने ठेवावा.

कलम ३. माझ्या गेमच्या एकोणीस डिस्क. इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्यामागे लोक या डिस्क पोरखेळ म्हणून भंगारात घालतील.

साहेबराव गेल्यावर घर खायला उठायचे. त्याच वर्षी गल्लीच्या तोंडाचे गेम पार्लर रस्ता रुंदीकरणात गेले आणि मालकाने जुने मशीन माझ्याकडे सांभाळायला ठेवले, ते परत न्यायला तो आलाच नाही. तेव्हापासून दुपारी पडदे ओढून मी खेळते. मला नुसती मारामारी आवडत नाही. गोष्ट हवी, आणि गोष्टीत भीती हवी. चांगल्या गेममध्ये भूत उशिरा दिसते. आधी नुसते रिकामे ताट दिसते, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखे. 'कोरडे धरण' (नावे माझी, मूळ नावे डिस्कवर आहेत) हा माझा सर्वांत आवडता. धरण आटते, बुडालेले गाव वर येते आणि तुम्हाला घरोघर जाऊन कोण राहिले ते शोधायचे असते. त्यातला खलनायक भूत नाही, एक कारकून आहे, जो माणसे असतानाच त्यांची घरे 'रिकामी' लिहून मोकळा झाला. मी तो गेम तीनदा खेळले आणि तिन्ही वेळा मला त्याचा राग आला. लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी एकदा आत डोकावून बघायला काय होते?

'बर्फातला दवाखाना' बरा आहे, पण शेवटी सगळे स्वप्न होते असे निघते. ही शुद्ध फसवणूक आहे. सगळ्या डिस्क प्रांजलीकडे, खालच्या कलमांतल्या दोन सोडून.

कलम ४. 'किंकाळी' ही डिस्क माझे दीर सर्जेराव यांना. त्यात दर मिनिटाला कुणीतरी अंगावर येऊन बोंबलते आणि गोष्ट अशी काहीच नाही. विधवा बाईने काय हे खूळ लावून घेतले, असे त्यांनी साहेबरावांच्या वर्षश्राद्धाला भर पंगतीत विचारले होते. हे त्याचे उत्तर समजावे. मशीन त्यांना मिळणार नाही.

कलम ५. मशीन, दोन्ही रिमोट आणि 'वेशीचे दार' ही डिस्क माझा भाऊ मुंजाबा सखाराम बिडगर यास. हे कलम सहा वेळा टाइप करून फाडले आहे.

मुंजाबा मेंढरे राखायचा. आमचे गाव फर्दापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात गावात पाणी उरले नाही, त्याने कळप विकला आणि मी त्याला व प्रांजलीला शहरात आणायला टेम्पो घेऊन गेले. एक मेंढी त्याने विकली नव्हती. हौशी. म्हातारी, एका पायाने अधू, पण दहा वर्षे घाट चढताना कळपाच्या पुढे तीच. मी म्हणाले, टेम्पोत जागा नाही, जनावर आहे, राहील कुणाकडेही. आणि टेम्पोचा मागचा फाळका मीच लावला. हौशी वळणापर्यंत टेम्पोमागे आली. मुंजाबा मागे तोंड करून बसला होता, त्यामुळे मी जे पाहिले नाही ते सगळे त्याने पाहिले.

आज शपथेवर लिहिते की जागा होती. माझी एक लोखंडी पेटी खाली ठेवली असती तर होती.

त्यानंतर चार महिने तो माझ्या घरात मुक्याने जेवला. मी दुपारी खेळायची, तो भिंतीला टेकून पडद्याकडे बघायचा. एका गेममध्ये माझ्या मागून एक लहान मुलगी चालत येई आणि मी भराभर पुढे पळत होते. तेव्हा तो बोलला. "आक्के, मागं बघ. पोरगी राहिली." चार महिन्यांनंतरचे हे पहिले शब्द.

तिथून आम्ही दोघे मिळून खेळू लागलो. त्याला वाचता येत नाही, म्हणून खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगायची. कुठे जायचे ते तो सांगायचा. कळप हाकताना एकाने पुढे आणि एकाने मागे चालायचे असते, आणि सांजच्याला मोजताना एक जरी कमी भरले तरी मागच्याने आल्या वाटेने परत जायचे, चूल नंतर. तो गेमही तसाच खेळायला लावायचा. आम्ही लई वेळा मेलो, पण मागे कुणाला सोडले नाही. ती सहा वर्षे माझी सर्वांत सुखाची होती, साहेबरावांनी माफ करावे.

दोन हजार एकोणीसच्या चैत्रात आम्ही 'वेशीचे दार' शेवटापर्यंत आणले होते. त्यात एक मुका माणूस सुरुवातीपासून तुमच्या मागे चालतो. शेवटी गावची वेस येते, अंधारातून भुते चालून येत असतात आणि मुका अजून दूर असतो. दार लावले तर गाव वाचते. मुंजाबा गावच्या जत्रेला गेला होता. आठ दिवस थांबायचे होते. मला तिसऱ्याच दिवशी धीर धरवला नाही. मी खेळले आणि दार लावले. तो गेम मागे जाऊ देत नाही, केले ते केले.

मुंजाबा आला, मी सांगितले. त्याने चहा संपवला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "तू लावतीसच दार." तेव्हापासून तो फर्दापूरला, लेणी बघायला येणाऱ्यांच्या गाड्या राखतो. पाच वर्षे झाली. तो या घरात आला नाही आणि माझ्या मानी स्वभावामुळे मीही गेले नाही. प्रांजली दोघांचेही ऐकून घेते आणि एकाचे दुसऱ्याला सांगत नाही.

या मार्चपासून मी तो गेम पहिल्यापासून पुन्हा खेळले. मुक्याला एकदाही नजरेआड होऊ दिले नाही. वेशीपाशी आणून खेळ थांबवला आहे. पुढचे मुंजाबाने ठरवावे. दार लाव किंवा उघडे ठेव, मला दोनच गोष्टी दिसतात. मी शुक्रवारनंतर नसले तर प्रांजलीने त्याच्याशेजारी बसून खालच्या ओळी वाचून दाखवाव्यात. आणि त्याला सांगावे की पेटी रिकामीच होती.

एवढी माझी शेवटची इच्छा. तिच्या आड कोणी येऊ नये.

दिनांक १९ मे २०२४, छत्रपती संभाजीनगर.

सहीपूर्वी केलेली दुरुस्ती, त्याच दिवशी, दुपारी दोन वाजता.

दुसऱ्या साक्षीदार म्हणून शेजारच्या गोजरबाई यायच्या होत्या. त्या दारापर्यंत आल्या आणि नळाला पाणी आले म्हणून हंडे घेऊन परत गेल्या. नवव्या दिवशी आलेल्या पाण्यापुढे मृत्युपत्राला कोण विचारतो? वकीलसाहेब आणि मी वाट बघत असताना प्रांजली आत आली. तिच्यामागे मुंजाबा होता. ऑपरेशनचे तिने त्याला कळवले होते, आणि माझ्या फाडलेल्या कागदांत वाचलेले कलम ५ सुद्धा.

तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मेल्यावर देणार व्हय? मंग मला काय करायचं त्याचं? लाव आत्ता."

मी मशीन लावले. वेस आली, मुका दूर दिसू लागला. मी विचारले, लावू की ठेवू उघडे?

"दोन्ही नाय. भायेर जा, अन् घेऊन ये त्येला."

दाराबाहेर जाता येते हे मला दोन्ही खेपांना सुचले नव्हते. गेले. वाटेत आमचा जीव एका टिपक्याएवढा उरला, वकीलसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. मुक्याचा हात धरून आत आले आणि मग दार लावले. शेवटी काय होते ते इथे लिहीत नाही. ज्याला हवे त्याने खेळून बघावे.

मुंजाबाला मी पेटीचे स्वतःच्या तोंडाने सांगितले. तो म्हणाला, "ठाव हाय. मी उचलली व्हती ती." मग त्याने माझ्या पायावर हात ठेवला आणि मी रडले. शुक्रवारी तोच माझ्याबरोबर दवाखान्यात येणार आहे.

सबब, कलम ५ रद्द करण्यात येत आहे. मशीन, त्या डिस्कसह, त्याला आजच दिले. ते इथेच राहील, आणि तोही. आता त्याला या कागदाने काहीच मिळत नाही, म्हणून साक्षीदार व्हायला हरकत उरलेली नाही.

लिहून ठेवणार: सुरेखा साहेबराव सोन्नर (सही)

साक्षीदार १: ॲड. आदिनाथ (सही)

साक्षीदार २: मुंजाबा सखाराम बिडगर, लिहिणारीचा भाऊ. डाव्या अंगठ्याचा ठसा. मजकूर त्यास मोठ्याने वाचून दाखवला. त्याने 'हौशी'पाशी थांबवून तेवढे दोनदा वाचायला लावले आणि बरोबर आहे म्हणाला.