अकराचे एकोणीस केल्याबद्दल

मी, मुंजाजी किसनराव खिल्लारे, निवृत्त शिक्षक, राहणार जवळा बाजार, वय तीनच्या पद्धतीत २२२०, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. (मुळात ती किती होती, हे कलम तीनमध्ये कळेल.) माझ्यावर कोणाचा दाब नाही; गुडघ्यांचा आहे, पण ते वारस नाहीत.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलगा प्रज्ञेश याला. रस्त्याकडची खोली वगळून. तिथे त्याला मोबाईलचे दुकान टाकायचे आहे, हे मला ठाऊक आहे.

२. कवितांच्या सात वह्या ज्याला हव्यात त्याला. प्रज्ञेश म्हणतो, "बाबा, रद्दीवाला बी घेईना." तरी एकदा विचारावे.

३. १९७३ साली सातवीला नवे गणित आले. अंक तीनच: शून्य, एक, दोन. मला वाटले, हे तर वृत्तच! एक लघू, दोन गुरू, शून्य म्हणजे यती. परीक्षेत मी पोरांना विचारले, तीनच्या पद्धतीतले १०२ म्हणजे दशमानात किती? कविता डावीकडून म्हणतात, म्हणून स्थानांच्या किमतीही मी डावीकडूनच लावल्या: एक, तीन, नऊ. एक एके एक, मधे शून्य, बे नवे अठरा, उत्तर एकोणीस.

खाजा मियांची फातिमा घरी उर्दू वाचायची. तिने उजवीकडून धरले: एकाच्या घरात दोन, तिनाच्या घरात शून्य, नवाच्या घरात एक. अकरा.

"काहून गं, गणित बी उर्दूवानी उलटं वाचून राहिली?" मी म्हणालो. वर्ग हसला. दोन गुण कापले. माझा भाचा दिपक एकोणीस लिहून पहिला आला. खाजा मियांचा शब्द होता, पोरगी पहिली आली तर वसमतला पुढे शिकवीन. ती दुसरी आली. तिची शाळा सुटली.

चूक मला त्याच आठवड्यात कळली. कबूल करायला बावन्न वर्षे लागली. बावन्न म्हणजे १२२१. डावीकडून मोजा की उजवीकडून, उशीर तेवढाच.

मागच्या बाजारी फातिमाबीला सांगितले. ती हसली. "गुरुजी, मला तवाच म्हाईत होतं. पण तुमी कविता म्हणून राहिले होते, मधी कसं बोलावं?"

४. रस्त्याकडची खोली, फळ्यासकट, फातिमाबीची. तिची नात समरीन तिथे गणिताची शिकवणी घेईल. प्रज्ञेशने हरकत घेऊ नये. दिपकला त्याची एकोणीसवाली उत्तरपत्रिका, फ्रेम करून.

५. माझे वय माझ्या पद्धतीने सव्वीस भरते, आणि खरे सांगतो, पुष्कळदा पटतेही. फातिमाबीच्या पद्धतीने अठ्ठ्याहत्तर. या कागदाच्या कामी तिचेच उत्तर बरोबर धरावे.

उजवीकडून डावीकडे तपासून सही केली.

मुंजाजी किसनराव खिल्लारे

साक्षीदार: विश्वंभर (शेजारी), केशरबाई (निवृत्त अंगणवाडी सेविका)

जवळा बाजार, जि. हिंगोली
१४ नोव्हेंबर २०२५ (दशमानात)