ओली तुळई

३० एप्रिल, देवास
लग्नानंतर थेट कोऱ्या घरात! आज अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. हॉलच्या बीमची तराई, म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी पाजणं, अजून चालू होती, पण सासऱ्यांनी, तात्यांनी, ओली गोणपाटं काढून होमकुंड नेमकं त्याच्याखाली मांडलं. मी कॉलेजात काँक्रीट शिकवते, तेव्हा गप्प कशी बसणार? तात्या हसून म्हणाले, "सूनबाई, बीमला पाणी उद्याही पाजता येईल. मुहूर्त उद्या नसतो." माझ्या नवऱ्याने, मननने, डोळा मिचकावला. संध्याकाळी तो नोकरीवर भोपाळला गेला. सव्वा महिना नवं घर रिकामं सोडायचं नाही हा इथला नेम, म्हणून तात्यांनी आपला पलंगही बीमखालीच टाकला.

४ मे
बीमला केसाएवढे तडे, सारख्या अंतरावर. तात्यांना समजावलं की काँक्रीट सुकताना आक्रसतं, आतली सळई आक्रसत नाही, त्या ओढाताणीत ते तडकतं. घाबरण्यासारखं काही नाही, आपोआप थांबेल. तड्यांच्या टोकांना पेन्सिलीने खुणा केल्या.

९ मे
तडे खुणांच्या पुढे गेले. बीमला ओली गोणपाटं गुंडाळली, दुपारपर्यंत खडखडीत. खाली एक थेंब पडला नाही. माठही रिकामा. मी तर सकाळी भरला होता.

१३ मे
तात्यांची अंगठी बोटातून गळून पडली. हातांवर बारीक चिरा, सारख्या अंतरावर. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं. तात्या म्हणतात, पाणी पितो पण घशाखाली पोचत नाही. दुसरीकडे जाऊ म्हटलं तर नेम आडवा येतो. मला फार भीती वाटते.

१५ मे
बीमचे तडे मिटू लागलेत. तो पाणी पितोय. तात्यांचं. हाडं तेवढीच आहेत, त्यांच्यावरचं अंग आक्रसतंय—

१६ मे
तात्यांना ओढत बाहेर काढायला गेले. उंबऱ्याशी त्यांची कातडी— नाही लिहवत. परत आणून निजवलं.

१८ मे
तात्या गेले. बीम गुळगुळीत, ओला. शेजारी कुणाला हाक मारावी तर आवाज नाही. उंबऱ्याशी गेले की माझीही मनगटं तडकतात.

१९ मे
बीमला पुन्हा एक तडा. मनन उद्या येणार आहे. त्याला मेसेज करायचाय, येऊ नकोस म्हणून. बोटं इतकी कोरडी की फोनच्या काचेला कळतच नाहीत—

२० मे
फाटक वाजलं. मनन. कागदावर लिहून दाखवते, आत येऊ— चप्पल काढतोय. वर बघ ना. मान हलवतेय मी, नको, नको— हसतोय. आत आला. म्हणतो, काय ऊन आहे, मेधा, आधी पाणी—