त्रेसष्ट दिवसांची रजा

मंगळवार, १ ऑक्टोबर
आज रजेचा अर्ज टाकला. २० डिसेंबर ते ८ जानेवारी. नऊ वर्षं नाताळात हा पाण्याचा प्लँट मी सांभाळला, कारण बाकीच्यांना पोरंबाळं. आधी डग्लसला तीन होती. तो रिटायर झाला आणि तामाती आला, त्याला दोन. आता जुलैपासून तीन. मला पोरं नाहीत म्हणून मला नाताळही नाही, हा नियम कुठे लिहिलाय? शिल्लक रजा त्रेसष्ट दिवस.

या गावाच्या नळाला पाणी येतं ते दोन माणसांच्या जिवावर, मी आणि तामाती. त्यात सीनियर मी. मॅनेजर हेदर चाळीस किलोमीटरवरच्या ऑफिसात बसते. अर्ज पाहून तिचे डोळे पांढरे होतील. येईल विनवण्या करत. मग बघू.

बुधवार, २ ऑक्टोबर
हेदरचा फोन नाही. विचार करत असेल.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
चहाच्या वेळी तामाती म्हणाला, म्हाताऱ्या, तुला सांगायचंच राहिलं, एक नोव्हेंबरपासून मी अडीच महिने रजेवर. बाळाची रजा. मी विचारलं, बाळंत तू झालास की तुझी बायको मेरेआना? तर म्हणे, झाली तीच, पण ती इथली एकुलती एक सुईण. तिला कामावर बोलावतायत. गावातल्या बायका काय जानेवारीपर्यंत थांबून राहणार? म्हणून तिने आपली उरलेली रजा माझ्या नावावर केली.

कायद्यात बसतं म्हणे. आमच्या वेळी बाप बाळाचं तोंड बघायला टाय लावून जायचा आणि अर्ध्या तासात कामावर हजर व्हायचा. (आमच्या वेळी म्हणजे इतरांच्या. मला अनुभव नाही.)

संध्याकाळी डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे नाताळात आम्ही दोघंही नाही. हेदर पुरती अडकली. आता तिला माझ्याशिवाय गत्यंतर नाही. झोप छान लागली.

सोमवार, ७ ऑक्टोबर
व्हॅनमध्ये सराव केला. "ठीक आहे हेदर, रजा रद्द करतो. तुझ्यासाठी नाही. गावासाठी." 'गावासाठी'च्या आधी जरा थांबायचं.

बुधवार, १६ ऑक्टोबर
हेदर स्वतः आली. सोबत चीज रोल. म्हणाली, कॉलिन, जरा अडचण झालीये. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. म्हणाली, तुझं नाताळचं नक्की आहे ना? मी म्हटलं, नक्की म्हणजे नक्की, नेल्सनला भावाकडे चाललोय, पुतणे वाट बघतायत.

आता तिने पुन्हा विनवायला हवं होतं. माणूस निदान दोनदा तरी विनवतो. दुसऱ्या वेळी मी विरघळणार होतो, वाक्य तोंडावर तयार होतं. पण ती म्हणाली, बरोबर आहे तुझं, नऊ वर्षं झाली, आम्ही तुला गृहीत धरलं, चुकलंच. मी दुसरं माणूस बघते. आणि गेली. चीज रोल ठेवून.

भाऊ नेल्सनला राहतो हे खरं आहे. नाताळात तो सासरी ऑस्ट्रेलियाला जातो हेही खरं आहे. ते तिने विचारलं नाही.

गुरुवार, १७ ऑक्टोबर
दुसरं माणूस मिळणार नाही. नाताळात इथे मरायला कोण येतंय. डिसेंबरात परत येईल माझ्याकडे. चीज रोल गरम करून खाल्ले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर
तामाती गेला. ड्यूटीचा फोन आता सगळा माझ्याकडे. एरवी एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. गावात कोणाच्याही नळाला गढूळ पाणी आलं की हा वाजतो. अन्याय आहे हा. बाप घरी बाळाला झोके देणार आणि मी आंघोळीला फोन घेऊन जायचं. साबण लावलेला असताना दोनदा वाजला.

रविवार, १० नोव्हेंबर
दुपारी एक वाजता मिसेस ग्रिबल. वय चौऱ्याऐंशी. नऊ वर्षं माझ्या पाळीच्या दर रविवारी जेवण झालं की तिचा फोन, पाण्याला पत्र्याची चव लागते. मग गुडघे, मग मांजर, मग नवऱ्याने लावलेले डेलिया, मग पुन्हा पाणी. पन्नास मिनिटं. या माणसांना ड्यूटीचा फोन कशासाठी असतो तेच कळत नाही. मला म्हणाली, तुम्ही दमलेले वाटता हो कॉलिन, आल्याचा चहा घेत जा. चहा केला. आलं नव्हतं.

माझ्या स्वतःच्या मोबाइलवर या आठवड्यात एक मेसेज. दातांच्या डॉक्टरचा.

सोमवार, १८ नोव्हेंबर
माणूस मिळालं. लोसा नाव. सामोअन, सव्वीस वर्षांची, इन्व्हरकार्गिलच्या पाणी खात्यातून दोन महिन्यांसाठी उसनी आणली आहे. तिला शिकवायचं मी. मला अहो-जाहो करते, प्लँटवर कोणी करत नाही. ठीक आहे. पण टिकणार नाही. ठरवलंय, सगळं दाखवायचं नाही. जुन्या फिल्टरचा व्हॉल्व्ह कसा फिरवायचा ते मुळीच नाही. तो माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, आधी डावीकडून लाथ घालावी लागते. नाताळात अडकेल, मग येईल फोन.

गुरुवार, २१ नोव्हेंबर
लोसाने व्हॉल्व्ह उघडून ग्रीस लावलं. आता एका बोटाने फिरतो. म्हणाली, तुम्ही इतकी वर्षं कसं काय चालवलंत हो? मी म्हटलं, अनुभव.

जेवताना विचारत होती, नेल्सनला काय काय करणार? सांगितलं, पुतण्यांबरोबर शिडाची होडी, रात्री अंगणात शेकोटी, वहिनीच्या हातचा पावलोवा केक. बोलता बोलता मलाच जावंसं वाटायला लागलं.

रविवार, ८ डिसेंबर
हेदरच्या हुकुमाने शनिवार-रविवार फोन लोसाकडे, सरावासाठी. मला पूर्ण विश्रांती. दुपारी एक ते दोन खुर्चीत बसून होतो. सवयीने.

सोमवार, ९ डिसेंबर
मिसेस ग्रिबलने काल लोसाला फोन केला. लोसा पाच मिनिटांत तिच्या दारात. स्वयंपाकघरातला पाइप गंजला होता, तेवढा तुकडा प्लंबरकडून बदलून घेतला. चव गेली. नऊ वर्षांची तक्रार एका दुपारी संपली.

मी कधी तिच्या घरी गेलो नव्हतो. फोनवरच भागत होतं.

म्हातारी आता फोन करणार नाही. बरं झालं. डोक्याचा ताप गेला.

शुक्रवार, १३ डिसेंबर
हेदरला आपणहून फोन केला. म्हटलं, पोरगी नवीन आहे, उन्हाळ्याच्या कँपिंगला माणसं येतील, गावाचं पाणी दुप्पट लागेल, वेळ पडली तर मी नेल्सनचं बघतो काहीतरी. वेळ पडली तर, हे तीनदा म्हटलं. हेदर म्हणाली, तू किती जीव लावतोस रे कामाला, पण आता बास, निवांत जा. वर म्हणाली, हेड ऑफिसचं पत्र आलंय, एवढी रजा साठवू देत नाहीत, तू जानेवारीअखेरपर्यंतच का घेत नाहीस?

म्हटलं, बघतो.

शुक्रवार, २० डिसेंबर
सायंकाळी पाचला फोन लोसाच्या हातात दिला. चार्जरही दिला. तिने गळ्यात पडून नाताळच्या शुभेच्छा दिल्या. खिसा हलका लागतो.

सुट्टीतले संकल्प: छपराला रंग. रोज दहा किलोमीटर चालणं. माशांसाठी गळ. भावाला पत्र. कोणाची कटकट नाही.

शनिवार, २१ डिसेंबर
छपराला रंग द्यायचा तर शिडी हवी. शिडी प्लँटवर. वारा होता. चालायला गेलो नाही. माणसाने आधी विश्रांती घ्यावी.

रविवार, २२ डिसेंबर
सकाळी फोन वाजला म्हणून आंघोळ अर्धी टाकून धावलो. फोन नव्हताच. फ्रीज.

सोमवार, २३ डिसेंबर
भावाला पत्र: प्रिय नील, इकडे सर्व ठीक. पुढे काय ते सुचलं नाही.

दिवसभर माझा आवाज मी एकदाही ऐकला नाही. शांतता हवी होती, मिळाली. ही शांतता मला आवडत नाही.

बुधवार, २५ डिसेंबर
११.३०. हॅम, नवे बटाटे, मटार. एका माणसासाठी हॅमचा तुकडा मिळतच नाही. हा ३ जानेवारीपर्यंत पुरेल.

१२.१५. स्वयंपाकघरातल्या नळाचं प्रेशर कमी वाटतं. निदान मला तरी वाटलं. पाण्याच्या बाबतीत हयगय चालत नाही, मी स्वतःच शिकवलंय. कर्तव्य म्हणून ड्यूटीच्या नंबरवर फोन केला. लोसाची परीक्षाही होईल.

फोन उचलला तामातीने. मागे पोरांचा कल्ला, गिटार, कोणीतरी हसतंय. तो म्हणाला, बोल कॉलिन. नाव सांगायच्या आधीच. नंबर दिसतो हे विसरलो होतो. मी विचारलं, तू रजेवर ना? म्हणाला, हो, पण लोसाची आई एकटीच वाट बघत बसली असती, म्हटलं जा पोरी घरी, आजचा दिवस फोन मी धरतो, आम्ही काय घरीच आहोत. मग म्हणाला, तू नेल्सनला ना?

मी म्हटलं, गाडीचं काम निघालं. आज चारला निघतोय. पण प्रेशर कमी आहे.

म्हणाला, आलोच. मी म्हटलं, एवढी घाई नाही. तोवर फोन ठेवला होता त्याने.

नऊ वर्षांत कोणी मला म्हटलं नाही, आजचा फोन मी धरतो. मीही कोणाला सांगितलं नव्हतं की म्हणा.

१२.५०. तामाती आला. छातीशी बाळ बांधलेलं. नाव हुइया. तिला दुसरीकडे झोपच येत नाही म्हणे. बाहेरच्या नळाला प्रेशरचा मीटर लावायला दोन्ही हात हवेत, म्हणून झोळीतून काढून ती माझ्याकडे दिली. मी लहान मूल कधी धरलेलं नाही. डोकं सांभाळ, एवढंच म्हणाला. ती जागी झाली, माझ्याकडे बघितलं, शर्टाचं बटण मुठीत धरलं आणि पुन्हा झोपली.

मीटर साडेपाच बारवर. गावात सगळ्यात चांगलं प्रेशर माझ्याच घरी. तामातीने त्याच्यावर टिचकी मारली, पुन्हा बघितलं. सावकाश मीटर काढला. सावकाश पुसला. दहा मिनिटं तरी गेली. मला वाटतं तो मुद्दामच हळू करत होता.

मग म्हणाला, दोन वाजता जमिनीतून हांगी निघते, खड्ड्यात गरम दगडांवर शिजवलेलं मांस आणि बटाटे. सासू तीस माणसांचं करते आणि पन्नासांना पुरतं. चल की, खाऊन मग निघ.

मला जायचं होतं. इथे लिहायला हरकत नाही, मला खूप जायचं होतं.

म्हटलं, नको रे, पुतणे वाट बघतायत, लांबचा रस्ता आहे.

त्याने रिकामी झोळी नीट केली. मग म्हणाला, बरं. सांभाळून जा. पोचलास की मेसेज टाक, नाहीतर काळजी लागून राहील. बाळाची मूठ त्याला सोडवावी लागली. बटण तुटलं नाही.

४.१०. घर मोठ्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसतं. गाडी गॅरेजमध्ये घेऊन दार लावलं. पुढचे पडदे ओढले. रेडिओ बारीक. इथे उन्हाळ्यात उजेड रात्री दहापर्यंत असतो, दिवा लावायची तशी गरज पडत नाही. पोचल्याचा मेसेज उद्या दुपारी टाकायचा, आधी टाकला तर खरं वाटणार नाही. आठ जानेवारीपर्यंत मी नेल्सनला आहे.