सहा डाग

उद्यमनगर, कोल्हापूर
ता. ५ ऑक्टोबर १९८२

तीर्थस्वरूप करीमभाई यांच्या चरणी धाकटा भाऊ इलाही याचा शिरसाष्टांग सलाम. (शाळेत मास्तरांनी नमस्कार शिकवला आणि घरात अब्बांनी सलाम, तेव्हा दोघांचाही मान राहावा म्हणून मी असं लिहितो. चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करावं.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. आपला खोकला कसा आहे? भाबींचे गुडघे थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागतात, यंदा त्यांचं काय म्हणणं आहे? सलिमा कुरुंदवाडला सासरी रुळली असेल. जावईबापूंना माझा सलाम सांगावा, पण तो मी पाठवला आहे असं सांगू नये.

आपलं पोस्टकार्ड मिळालं. सलिमाच्या लग्नानंतर आठ महिन्यांत आपली ही पहिलीच ओळ. एकच ओळ म्हणतो, कारण कार्डावर एकच होती. ना आशीर्वाद, ना खुशाली. “सहा डाग कशाचे ते कळव.” बाकीचं कार्ड कोरं. मी ते उलटसुलट करून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. मग लक्षात आलं की गडहिंग्लजला बातमी पोचली आहे, आणि ती भाबींच्या मार्फत पोचली आहे, आणि भाबी आता आपल्याला जेवायला वाढताना भांडी आपटत असतील. तरी हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. फक्त मधे एके ठिकाणी धंद्यातला शब्द येईल, तो गाळावा.

भाबी, इमान राखून सांगतो, मी मेहमुदाला सोन्याचे सहा डाग केलेले नाहीत. पाटल्या नाहीत, बोरमाळ नाही, नाकातली चमकीसुद्धा नाही. तुमच्या कानावर जे सहा डाग आले ते कथलाचे आहेत, आणि ते मेहमुदाच्या अंगावर नसून एका होडीच्या पोटात आहेत. होडीही हातभर लांबीची. आता सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं तर माझा यात मोठेपणा काय ते कळणार नाही.

आमच्या डाग-कल्हईच्या दुकानासमोर गणपतराव म्हणून लेथवाले आहेत. माणूस हुन्नरी. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला आहे, त्यानं त्यांना जपानहून एक यंत्र आणून दिलं. एक डबी हातात धरायची, तिच्यावरची दांडी हलवायची, की पाण्यातली होडी लांबूनच डावी-उजवी होते. मधे दोरी नाही, तार नाही. (मी स्वतः होडी आणि डबी यांच्या मधून हात फिरवून पाहिला. काही लागत नाही.) गणपतरावांनी सागवानाची होडी केली, रंग दिला, आत बोटाएवढ्या सेलांचा जुडगा बसवला, मोटर बसवली. जुडग्यापासून मोटरीपर्यंत वीज न्यायची तर मधे जोड लागतात, कारण सेल भरायला दर वेळी बाहेर काढावे लागतात. ते जोडही गणपतरावांनी लेथवर पितळेचे काढले, नर-मादी. (हाच तो शब्द.) जुडग्याला दोन तारा, मोटरीला दोन, बटणाला दोन. अशा सहा तारा त्या पितळी जोडांना कथील वितळवून पक्क्या डागायच्या होत्या. हे झाले सहा डाग. भाबी, सोनं इथे संपलं.

गणपतराव आधी माझ्याकडे आले नाहीत, हे मी लपवत नाही. ते आधी गेले रेडिओवाल्या कृष्णातकडे. कृष्णात शिकलेला आहे, भिंतीवर सर्टिफिकेट आहे, आणि त्याची डागणी विजेवर चालते. तिचं नाक पेन्सिलीच्या टोकाएवढं. रेडिओच्या केसासारख्या तारांना ती ठीक, पण या करंगळीएवढ्या पितळेला लावली की सगळी धग पितळच पिऊन टाकायचं आणि डागणी गार पडायची. कथील वितळायचं खरं, पण पितळेला धरायचं नाही, वर नुसतं बसून राहायचं. करड्या रंगाचं, मळकट, गोळा झालेलं. अब्बा अशा डागाला “पाव्हणा” म्हणायचे, आठवतं? येऊन बसतो, पण घरचा होत नाही. दोन रविवार होडी रंकाळ्यात सोडली आणि दोन्ही रविवारी तळ्याच्या मध्यावर तार सुटून ती थांबली. काठावर ही गर्दी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गणपतरावांना दोन्ही वेळा पोहणारी माणसं पाठवून होडी आणवावी लागली.

तिसऱ्या आठवड्यात ते माझ्या दारात आले, मागून कृष्णातही आला. गणपतराव म्हणाले, “इलाही, इजंच्या डागणीनं न्हाय जमलं. तुज्या कोळशाच्या भट्टीनं काय हुतंय का बघ की.” मी काही बोलायच्या आत कृष्णात म्हणाला, “गडहिंग्लजला लगनात बंब फुटलाता, त्यो यांचाच डाग न्हवं?” भाई, मला वाटलं होतं ती गोष्ट गडहिंग्लजच्या वेशीवर राहिली. ती माझ्याआधी एसटीनं कोल्हापुरात येऊन बसली होती. माझं डोकं फिरलं. मी भट्टीवरची डागणी उचलली, तीच, अब्बांची, वाटणीत दुकान आणि ऐरण तुमच्याकडे गेली आणि मला ही मिळाली ती, आणि सगळ्यांदेखत सांगितलं की सहाच्या सहा डाग देतो, आणि रविवारी त्यातला एक जरी सुटला तर ही डागणी तिथंच रंकाळ्यात टाकीन आणि उद्यापासून केळी विकीन. बोललो आणि मग मनात केळ्यांचा भाव काढू लागलो. पण बोललो.

त्या वेळी मेहमुदा पडद्याआड चहा गाळत होती. तिला ऐकू आलं ते एवढंच, “सहाच्या सहा डाग देतो, रविवारी.” रमजान ईदपासून ती एक डाग मागते आहे, तेव्हा सहा ऐकल्यावर तिला कप खाली ठेवावा लागला. त्या दिवशी मला चहात दूध जास्त मिळालं. दुसऱ्या दिवशी मटण. मी समजलो, नवऱ्याच्या हिमतीचं कौतुक चाललं आहे. मीही जेवताना छाती काढून म्हणालो की रविवारी सगळं कोल्हापूर बघेल माझे डाग. ती लाजली. मला वाटलं, किती समजूतदार बायको. त्याच दिवशी तिची मावशी गडहिंग्लजच्या गाडीला बसली, आणि पुढचं तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कामाचं म्हणाल तर सहा डाग मी तीनदा दिले. (म्हणजे खरं तर अठरा झाले, पण हा आकडा भाबींच्या पुढे उच्चारू नये.) पहिल्यांदा, कथील धरावं म्हणून, हातानं सवयीनं नवसागर ओढला. भांड्याला चालतो, विजेच्या तारेला चालत नाही. दुसऱ्या दिवशी सहाही जोड हिरवेगार, तांबं खायला लागलेलं. गणपतराव म्हणाले, “श्रावण हितंच आलाय जनू.” मग मी ते सगळं उकलून, घासून, पूजेच्या सामानाच्या दुकानातून राळ आणली आणि राळेवर डाग दिले. काय डाग होते! आरशासारखे. तासभर मी बघत बसलो. आणि मग कळलं की वरची नळी घालायची राहिली. जोडाच्या उघड्या पितळेचा दुसऱ्या पितळेला धक्का लागला तर ठिणगी उडून सगळा जुडगा जळायचा, म्हणून प्रत्येक जोडावर सायकलच्या व्हॉल्वमधली रबरी नळी चढवायची असते, आणि ती आधी तारेत ओवून मागे सरकवून ठेवायची, मग डाग द्यायचा, मग पुढे ओढायची. इजारीची नाडी मागाहून ओवता येते, या नळीचं तसं नाही. पुन्हा सगळे उकलले. हे मी कृष्णातला अजून सांगितलेलं नाही.

तिसऱ्या वेळेला मात्र मी वजू करून बसलो. डागणी लाल होऊ दिली नाही, अब्बा सांगायचे तशी हिरवट ज्योत दिसली की काढली. तिचा तो पावशेर तांब्याचा ठोकळा एकदा टेकवला की पितळ जागं होतं. कथील आपण होऊन तारेच्या आत शिरलं. पाच डाग बाजारच्या कथलाचे दिले. सहावा, जुडग्याच्या प्लसचा, जिच्यातून सगळी वीज धावते त्या तारेचा, तो मी एका वेगळ्या कथलाचा दिला. ते कुठलं, ते खाली येईल. नळ्या पुढे ओढल्या, वर मेणबत्ती वितळवून जोड त्यात बुडवले. आता थेंबाची आत शिरायची बिशाद नव्हती.

एकच काम उरलं. नळ्या सगळ्या काळ्या, मग प्लस कुठला आणि मायनस कुठला? गणपतरावांनी सांगितलं होतं, प्लसला लाल खूण, आणि ती चुकली तर मोटर उलटी फिरेल. मी मेहमुदाला म्हटलं, जुडग्याची तार मी बांधतो, मोटरीच्या या तारेला तू लाल दोरा बांध. तिनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, हेच ते सहा डाग! भाई, पुढची दहा मिनिटं मी लिहीत नाही. तिनं दोरा बांधला एवढं खरं. कुठल्या तारेला, ते मी भीतीनं पाहिलं नाही.

रविवारी रंकाळ्यावर जत्रा. गणपतरावांनी होडी पाण्यात ठेवली, दांडी पुढे केली, आणि होडी मागे निघाली. बोचा पुढे करून. गणपतराव डावीकडे वळवायला जातात, ती उजवीकडे जाते. कुणी म्हणालं, “आरं, ही तर माघारी चालली!” पण थांबली नाही, भाई! लाटा उलट्या बाजूनं आत येत होत्या, जुडगा अर्धा पाण्यात होता, आणि ती पाठमोरी पाण्यातल्या संध्यामठापर्यंत गेली, मठाला पाठमोरा वळसा घातला आणि पाठमोरी काठाला लागली. सगळा वेळ मी डागणी पोटाशी धरून उभा होतो. गणपतराव मोठा माणूस. लोकांकडे वळून म्हणाले, “मुद्दामच सोडली तशी. फुडं कुनीबी जातंय.” टाळ्या पडल्या. मग त्यांनी होडीतलं तांब्याभर पाणी ओतलं, सगळे जोड चाकूनं उघडले, कोरडे ठणठणीत, आणि एकेक तार स्वतः ओढून पाहिली. मग कृष्णातला म्हणाले, तू ओढ. त्यानं दात-ओठ खाऊन ओढली. तार हातात येईना तेव्हा तो खाली बघून म्हणाला, “डाग हाय बाबा.”

उलट का गेली, असं तुम्ही विचाराल. डाग देणाऱ्याचं काम डाग टिकवणं. दिशा हा दुसऱ्या खात्याचा विषय आहे. सहाच्या सहा टिकले, एवढं मी अब्बांच्या कबरीवर हात ठेवून सांगेन. डागणी माझ्याच भट्टीवर आहे, आणि केळी मी विकत नाही, खातो.

मोठ्यांना सलाम, लहानांना प्यार.

आपला धाकटा,
इलाही

ता. क. भाबी, मेहमुदानं दोरा चुकून बांधला की मुद्दाम, हे ती सांगत नाही. म्हणते, आधी एक डाग, मग जबाब. तुम्ही मोठ्या जाऊबाई आहात, तुम्हीच एक पत्र घालून तिची समजूत काढा. पत्रात “डाग” हा शब्द नको.

ता. क. दुसरा. गणपतराव दुसरी होडी करताहेत. तिचे बारा डाग आहेत. हे कुणालाही सांगू नका.

(वेगळ्या चिटोऱ्यावर. फक्त करीमभाईंसाठी. भाबींना वाचून दाखवू नये.)

भाई, लग्नाच्या दिवशी सकाळी बंब फुटला, राखेचं पाणी नवऱ्याच्या मामांच्या शेरवानीवर गेलं, आणि तुम्ही भर मांडवात मला म्हणालात, “डाग दिलास का घराण्याला डाग लावलास?” मी मान खाली घालून उभा राहिलो. पण तो डाग सुटला नव्हता, भाई. वितळला होता. मागून मी बंबाखालची राख उकरली, तेव्हा आत कथलाचा गोल मणी मिळाला, बोराएवढा. बंबात पाणी असताना कथील वितळत नाही, हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच. कुणीतरी रिकामा बंब पेटवला होता आणि पाणी मागून ओतलं. कुणी, तेही मला माहीत आहे. पहाटे मी परसदारी उभा होतो. घाई होती, वऱ्हाड उठलं होतं, तुम्ही विडी पेटवली आणि त्याच काडीनं बंब.

त्या वेळी मी बोललो नाही. लेकीच्या लग्नात बापाला खाली बघायला लावायचं हे माझ्याच्यानं होईना. पुढंही बोललो नसतो. पण आठ महिने तुमची एक ओळ आली नाही, हे मला फार लागलं.

सहाव्या डागात तोच मणी आहे. संध्यामठाला वळसा घालून आला, आणि कृष्णातनं ओढूनही सुटला नाही.

माझं एवढंच मागणं आहे. उलटटपाली एक पोस्टकार्ड टाका. जास्त नको, तुमच्या सवयीप्रमाणे एकच ओळ: “डाग चांगला होता.” भाबी विचारतील, कुठला डाग, तर खुशाल सांगा, होडीचा.