आधी सुटतो, मग पकडला जातो

३ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा पुढे ढकलला! पेनरोझचा नवा सिनेमा पुढच्या वर्षीही नाही. दिग्दर्शक सोडून गेला म्हणे. त्याआधी लेखक गेला, त्याच्याआधी कंपनीच विकली गेली. जुन्या हिरोने राम राम केल्यापासून नवा काही ठरत नाही. एक गुप्तहेर शोधायला एवढी वर्षं!

चहा देताना ह्यांना बातमी वाचून दाखवली. बशी खाली ठेवत म्हणाले, "मग काय, थांबू." आणि मारीचं आणखी एक बिस्किट मागून घेतलं.

थांबू! ह्यांना काय जातं थांबायला.

अर्धांगाचा झटका येऊन दोन वर्षं झाली. घरात काठीने छान चालतात. पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पहिल्याच महिन्यात जिन्यावर पाय सरकला. तेव्हापासून खाली नाहीत. फिजिओथेरपीसाठी येणारी मुलगी रोज विनवायची. एक दिवस हे म्हणाले, "पेनरोझ येऊ दे. फर्स्ट डे फर्स्ट शो, नेहमीसारखा. त्या दिवशी उतरतो, माझा शब्द." मी शेजारी पेढे वाटले होते! लेकीने, नूपुरने, हैदराबादहून फोनवरच टाळ्या वाजवल्या.

आता तोच शब्द दाराला कुलूप होऊन बसला आहे. डॉक्टर काही म्हणाले, की "पेनरोझ आला की." तळमजल्याचं घर बघू म्हटलं, "पेनरोझ आला की."

७ सप्टेंबर, रविवार

हर्षाचा फोन. आमची मॅट्रिकची बॅच, पन्नास वर्षं! नोव्हेंबरात तीन दिवस पचमढी. आमच्या शाळेच्या सिस्टर ॲग्नेस व्हीलचेअरवरून येणार आहेत.

"अरू, तुझी सीट मी धरली आहे हं. माझ्या शेजारची, खिडकीची."

"ह्यांचं कोण बघेल गं?"

"एक बाई ठेव तीन दिवस. कृष्णकांत काय कुकुलं बाळ आहे?"

"ते दुसऱ्याच्या हातचं जेवत नाहीत."

"मग उपाशी राहू दे की! सिस्टर काय म्हणायच्या? हंगर इज द बेस्ट सॉस!"

इतकी हसले की ठसका लागला. दिवाळीपर्यंत सांगते म्हणाले. फोन ठेवला तर हे हॉलच्या दाराशी उभे. "कोण होतं?" "हर्षा." "काय म्हणते?" "काही नाही."

का नाही सांगितलं मी?

८ सप्टेंबर

भाजीवाल्याला गॅलरीतून पिशवी सोडली. भाजी वर आली. मी खाली गेले नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पेनरोझप्रेमींचा फोनवर एक गट आहे. तिथे कुणी खऱ्या नावाने नसतं. मी मेरीगोल्ड. शाळेच्या बागेत सिस्टरनी मला झेंडूचा वाफा सांभाळायला दिला होता, त्यावरून. खऱ्या नावाने एकटा नागसेन, त्याने गट सुरू केला म्हणून. सावनेरला कोळशाच्या खाणीत ऑफिसात आहे. बोलतो तसंच लिहितो.

आज त्याचं म्हणणं, नवा पेनरोझ म्हणून तो आयरिश नट ठरला. "भाऊ, पाच वर्षांची दाढी काल साफ केली त्यानं. पेनरोझले दाढी राहते का कधी? साइन झालं म्हणजे झालं!"

खोटं कशाला सांगू, माझं काळीज धडधडलं. एका अनोळखी माणसाच्या दाढीसाठी!

लगेच त्या 'बाल्कनी'ने पाणी ओतलं. हा नवाच आलाय, महिन्याभरापूर्वी. काहीही चांगलं ऐकलं की हजर. "दाढी कंटाळून काढली असेल. पटकथा नाही, पैसा नाही. सिनेमा आपल्या हयातीत येत नाही." नागसेन चिडला. "काहून असं अशुभ बोलून राहिले गा तुम्ही?"

मीही लिहिलं, "काही लोकांचं आयुष्य या सिनेमावर अडलं आहे, बाल्कनी. जरा विचार करून बोला."

ह्यांना वाचून दाखवलं. टॅबवर पत्ते लावत होते, मान वर केली नाही. "असतात एकेक विघ्नसंतोषी," म्हणाले.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. आणि आजपासून ह्यांच्यासाठी बाई, वच्छला. मूळची पारशिवनीकडची, दवाखान्याच्या वॉर्डात काम केलेली, हसरी बाई. बघू तर खरं, म्हणून तिच्या भरवशावर बँकेत गेले. येताना मुद्दाम लांबून, झाडांखालून आले. सिग्नलला रस्ता मोकळा होता तरी थांबून राहिले. पारिजातकाचा वास आला कुठूनसा.

घरी आले तर ताट जसंच्या तसं. पाण्याचा पेलाही. हे दाराकडे तोंड करून खुर्चीत.

"बाई, बाबूजी तं तोंडच उघडून नाही राहिले. मी काय जहर कालवलं का त्याइच्या वरणात?"

"काय हो हे?"

"भूक नव्हती," हे म्हणाले. मी कालवून दिलेला भात मात्र सगळा संपवला.

२३ सप्टेंबर

वच्छला नाही आली. जाताना म्हणाली होती, "तुमीच लाडावलं वं बाई त्याइले. पण बोलवा कधी, मी येईन."

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं म्हणून आपट्याचं पान ह्यांच्या हातात ठेवलं, नमस्कार केला. आज विचारायचंच असं ठरवलं होतं. "नोव्हेंबरात तीन दिवस हर्षाबरोबर पचमढीला..." एवढंच बोलले. हे म्हणाले, "जा की. मी कुठे अडवलं?"

कधीच अडवत नाहीत. एका शब्दाने नाही! अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

१२ ऑक्टोबर, रविवार



गटात सकाळपासून धुमाकूळ. नागसेनने कुठून तरी आणलं, दिवाळीच्या आसपास घोषणा होणार. मग जुन्या सिनेमांच्या आठवणी निघाल्या. बाल्कनीने कधी नव्हे ते मोठं लिहिलं. "दुसऱ्या पेनरोझची सर कशालाच नाही. आधी तो सुटतो, मग पकडला जातो. काळ उलटा फिरवायचं धाडस तेव्हा कुणी केलं होतं?"

सगळे तुटून पडले. "काका, आधी पकडला जातो, मग सुटतो!" "काका, चष्मा लावून पाहा!" नागसेनही, "बाल्कनीत झोपले होते काय गा?"

मी पोळी तव्यावर विसरले.

जगात असं पाहिलेले लोक एका टॉकीजभर आहेत. साखरपुड्यानंतर आम्ही पहिल्यांदा बाहेर गेलो होतो, सदरच्या टॉकीजला, बाल्कनीत. मध्ये धाकट्या वन्सं पहारेकरी! प्रिंट एकच, टॉकीज दोन. एक माणूस सायकलवर रिळं घेऊन इकडून तिकडे पळायचा. त्या दिवशी रिळं उलटी लागली. पेनरोझ तुरुंगातून पळाला, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि मग निवांत जाऊन पकडला गेला. कुणी हूं की चूं केलं नाही. इंग्रजी पिक्चर, असेल त्यांच्यात तशी पद्धत! मला संवाद कळत होते, लक्षात आलं. पण वन्संच्या डोक्यावरून वाकून हे इतक्या आनंदाने म्हणाले, "बघितलंस? काय तंत्र आहे!" त्या चेहऱ्याला कोण सांगणार? पुढे विम्याच्या ऑफिसात डब्याच्या वेळी ह्यांनी कितीजणांना ते तंत्र समजावलं असेल. मी कधीच नाही सांगितलं.

म्हणजे 'आपल्या हयातीत येत नाही' म्हणणारा माझ्याच घरात, आतल्या खोलीत, टॅबवर पत्ते लावतोय.

संताप संताप झाला. सिनेमा येऊ नये म्हणून हा माणूस देव पाण्यात घालून बसलाय, आणि मी रोज त्यालाच बातम्या वाचून दाखवते!

पण गटात ती पोरं हसतच होती. झोपले होते काका, म्हातारे झाले काका. नाही बघवलं. लिहिलं, "बाल्कनी यांनी बरोबर पाहिलं आहे. सदरच्या त्या खेळाला रिळं उलटी लागली होती. मीही तिथे होते."

पाठवलं, आणि मग लक्षात आलं. मेरीगोल्ड कोण ते आता ह्यांनाही कळलं असेल.

१३ ऑक्टोबर

जेवताना ताक जास्तच घेतलं ह्यांनी. कळलं की नाही कळलं? चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मी स्वयंपाकघरात, हे आत. मेरीगोल्डने बाल्कनीला निरोप धाडला, फक्त त्याला दिसेल असा. "सिनेमा येऊ नये असं तुम्हाला का वाटतं?"

एका हाताने टाइप करतात, वेळ लागतोच. मग आलं:

"घरी एक शब्द देऊन बसलो आहे. सिनेमा आला की जिना उतरेन म्हणून. मला जिन्याची भीती वाटते. सिनेमा आला आणि उतरू शकलो नाही, तर बायकोला कळेल की मी आता कधीच उतरणार नाही. आला नाही तर तिची आशा तरी राहते."

कुकरची शिट्टी झाली. मी तशीच उभी. चव्वेचाळीस वर्षांत भीती हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

डोळे पुसून लिहिलं. "तुम्ही जिना उतरलाच पाहिजे असं तिला मुळीच वाटत नाही. तिला स्वतःला उतरायचं आहे. तीन दिवस. तुम्ही दुसऱ्याच्या हातचं जेवलात तरी पुरे."

वाचल्याची खूण आली.

जेवायला हाक मारली. आले, बसले. "आमटी छान झाली आहे," म्हणाले. आमटी खारट झाली होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पणत्या लावत होते तेव्हा नागसेनचा निरोप. घोषणा झाली! हिरो कुणी तिसराच, नावही ऐकलेलं नाही. दाढीवाला नाहीच. आणि सिनेमा तीन वर्षांनी.

तीन वर्षं! गटात नुसता शोक. नागसेनने लिहिलं, "चला, तब्येती सांभाळा सगळे."

ह्यांना सांगितलं. खूश होतील वाटलं होतं. पण टॅब बाजूला ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"तीन वर्षं फार झाली गं," म्हणाले.

फटाके सुरू झाले, मी खिडक्या लावायला गेले.

२४ ऑक्टोबर

हर्षाचा फोन. "हो की नाही?" उद्या सांगते म्हणाले. उद्याही नाहीच म्हणायचं आहे, एक दिवस जास्त ती सीट माझी राहील इतकंच.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बाल्कनीचा निरोप, आतल्या खोलीतून:

"मेरीगोल्ड, गटातली मुलं म्हणतात तेच बरोबर. आधी पकडला जातो, मग सुटतो. वच्छलाला फोन केला आहे, तिच्या हातचं जेवीन. पचमढीला थंडी असेल, निळा स्वेटर विसरू नकोस."